हिल्डाबाई होल्गर : एक धीराची बाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. जिजामाता झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा हे काम कमिटीने माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले; परंतु मंडळाचे काम नाकारू नये म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

ज्या बाईंविषयी मी लिहिणार आहे त्या आपल्या देशातल्या नव्हत. पण त्या आपल्या मुंबईत नऊ वर्षे राहिल्या, इथेच त्यांनी संसार थाटला आणि त्यांची थोरली मुलगीही मुंबईतच जन्मली. त्यांचे नाव हिल्डे होल्गर. नृत्याच्या क्षेत्रातली माणसे देशोदेशी त्यांना ओळखतात. आपल्या जिभेला सोपे जावे म्हणून मी त्यांना हिल्डाबाई म्हणते. माझी भाची छत्रपती संभाजीनगरला विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या अभ्यासात ह्या बाईंचे चरित्र आले. दिवाळीला ती माहेरपणाला आली तेव्हा मी एकेक विचारीत गेले, ती सांगत गेली, आणि मी वहीत टिपून घेतले. त्याच वहीवरून हे लिहीत आहे.

हिल्डाबाईंचा जन्म १८ ऑक्टोबर १९०५ रोजी व्हिएन्ना शहरी झाला. व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. गाण्याबजावण्यासाठी ते शहर सगळ्या युरोपात नावाजलेले. माहेरचे आडनाव सोफर. होल्गर हे नाव त्यांनी पुढे रंगभूमीसाठी घेतले. वडील कविता करीत. पण १९०८ साली, मुलगी अगदी लहान असतानाच, ते वारले. आई, हिल्डा आणि तिची बहीण अशा तिघी राहिल्या. पुढे आईने दुसरे लग्न केले.

हिल्डाला नाचाची आवड बालपणापासूनची. पाचसहा वर्षांची असल्यापासून तिचे पाय ठरत नसत. वयात येता येता तिला गेर्ट्रूड बोडेनवीझर ह्या गुरू लाभल्या. बोडेनवीझर सरकारी संगीत विद्यालयात नृत्य शिकवीत. त्या काळी तिकडे पायांच्या बोटांवर उभे राहून करायच्या नाचाचा मोठा मान होता. पऱ्यांसारखे झगे, ठरलेली पावले, आणि चेहऱ्यावर ठेवणीतले हसू. बोडेनवीझरबाईंची रीत निराळी. अनवाणी पायांनी नाचावे, मनात जे दुःख किंवा आनंद असेल ते सगळ्या अंगातून प्रकट करावे, असे ते नवे नृत्य होते. हिल्डा लवकरच त्यांच्या मंडळींत पुढच्या रांगेत आली आणि गावोगाव कार्यक्रम करू लागली. १९२३ साली तिने एकटीचा पहिला कार्यक्रम केला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९२६ साली व्हिएन्नातल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची नृत्यशाळा काढली. विशी ओलांडतानाच त्या गुरुबाई झाल्या. शहरातल्या बागांतून त्या आपल्या छोट्या विद्यार्थ्यांचे नाच बसवीत. असे त्यांचे चांगले चालले होते.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिल्डाबाईंचे घराणे ज्यू, म्हणजे यहुदी. आपल्या बीडकडे ज्यू माणसे फारशी कोणी पाहिलेली नाहीत, पण महाराष्ट्राला ती परकी नाहीत. कोकणात अलिबागच्या बाजूला शेकडो वर्षांपासून बेने इस्राएल लोकांची घरे आहेत. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते मराठी बोलत, बाया लुगडी नेसत, आणि आपल्या धर्मातल्या कथा ते मराठी कीर्तनातून सांगत. त्यांना त्यांच्या देवाधर्मावरून कोणी उठवून लावले, असे आपल्याकडे झाले नाही. युरोपात मात्र ज्यूंचा छळ पिढ्यान्‌पिढ्या झाला, आणि विसाव्या शतकात तर त्याची परिसीमा झाली.

१९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. देशावर आलेल्या प्रत्येक संकटाचे खापर त्याने ज्यूंच्या माथी फोडले. १२ मार्च १९३८ रोजी त्याचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि तो देश जर्मनीला जोडला गेला. त्या वेळी एकट्या व्हिएन्नात पावणेदोन लाखांच्या आसपास ज्यू होते. डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार, शिंपी अशी ती सगळ्या थरांतली माणसे. एका रात्रीत त्यांचे दैव फिरले. चांगल्या घरच्या बायाबापड्यांना, म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर गुडघे टेकून ब्रशाने फरशी घासायला लावली, आणि भोवती माणसे जमून हसू लागली. त्यांत कालपर्यंत जिन्यात भेटल्यावर नमस्कार करणारे शेजारीही होते. भगिनींनो, शत्रूने मारले तर माणूस समजू शकतो. पण शेजाऱ्याने हसावे हे फार वाईट.

ज्यूंना रंगभूमीवर येण्याची बंदी झाली. हिल्डाबाईंची शाळा गेली, कार्यक्रम गेले. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ह्या दिवशी सगळ्या जर्मन मुलखात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली, दुकाने फोडली, हजारो पुरुषांना धरून छावण्यांत नेले. आता इथे राहिलो तर जगत नाही, हे शहाण्या माणसांना कळून चुकले.

पण निघून जाणेही सोपे नव्हते. घरदार, दागदागिने, बँकेतला पैसा सगळा मागे ठेवायचा. निघणाऱ्याला खिशात फक्त दहा मार्क नेता येत, म्हणजे चार दिवसांच्या जेवणाचे पैसे. शिवाय आपल्याला घेणारा देश हवा. जवळजवळ सगळ्याच देशांनी दारे लोटून घेतली होती. हिंदुस्थानात यायचे तर इंग्रज सरकारचा परवाना पाहिजे, आणि इथे कोणीतरी हमी भरली पाहिजे. मुंबईच्या ज्यू लोकांनी अशा निर्वासितांसाठी मदत संस्था काढलेली होती. एका मित्राच्या खटपटीने हिल्डाबाईंची सुटका झाली आणि १९३९ साली त्या मुंबईस पोहोचल्या. आई आणि बहीण मागे राहिल्या.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीला जातात. घराला कुलूप लावून, म्हातारी माणसे मागे ठेवून जाणे काय असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपली माणसे परत येण्यासाठी जातात. पाडव्याच्या सुमारास गाड्या गावच्या शिवेवर दिसू लागतात. हिल्डाबाईंनी जेव्हा आईचा निरोप घेतला तेव्हा परतीची वाट नव्हती.

त्या मुंबईला उतरल्या त्याच वर्षी, सप्टेंबरात, दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारने इथल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांना शत्रू देशाची प्रजा ठरवून छावण्यांत ठेवण्यास सुरुवात केली. त्यांतली मोठी छावणी आपल्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होती. गंमत अशी की जे ज्यू हिटलरच्या भीतीने पळून आले, त्यांच्यापैकी पुष्कळांना हिटलरचीच माणसे समजून आधी पकडण्यात आले. मग चौकशी होऊन बहुतेकांना सोडून दिले. परक्या मुलखात माणसाला आपण कोण आहोत हे सिद्ध करीत बसावे लागते, ते असे.

तरीपण मुंबईने त्यांना सामावून घेतले. १९४० साली त्यांनी डॉ. आदी बोमन-बेहराम ह्या पारशी गृहस्थांशी विवाह केला. ते होमिओपॅथीचे डॉक्टर आणि कलेचे शौकीन होते. पारशी लोकही एके काळी धर्मासाठी आपला देश सोडून समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्याला लागलेले. एक हजार वर्षांपूर्वीच्या निर्वासितांच्या वंशजाने कालपरवाच्या निर्वासित बाईचा हात धरला, असे मला ह्या विवाहाविषयी वाटते.

१९४१ साली हिल्डाबाईंनी मुंबईत पुन्हा नृत्यशाळा उघडली. तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांमुलींना मोकळा प्रवेश होता. जिच्यासाठी जन्मातून उठावे लागले तीच भिंत आपल्या शाळेच्या दाराशी उभी राहू नये, ह्याची त्यांनी काळजी घेतली. नुसते शिकविले नाही, त्या शिकल्याही. आपल्या नृत्यातल्या हस्तमुद्रा त्यांनी अभ्यासिल्या आणि स्वतःच्या नाचात आणल्या. प्रसिद्ध नर्तक राम गोपाल त्यांचे स्नेही. ते त्यांच्या शाळेत येऊन शिकवीत. माग्दा नाखमान नावाची रशियन चित्रकार बाई तेव्हा मुंबईतच राहत असे. तिचेही त्यांच्याकडे जाणे-येणे होते.

अशी युरोपातून आलेली कितीतरी गुणी माणसे त्या काळी मुंबईत होती. वॉल्टर काउफमान नावाचे ज्यू संगीतकार आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर काम करीत. सकाळी रेडिओ सुरू होताना जी धून लागायची, जिच्यावर आपल्या आया चूल पेटवीत आणि आपण शाळेची तयारी करीत होतो, ती धून त्यांची. आपण रोज ती ऐकली आणि ती कोणाची आहे हे कधी विचारलेही नाही. इतके ते लोक आपल्यात मिसळून गेले.

इकडे हे चालले असता तिकडे काय झाले? युद्ध पेटले तसे टपाल तुटले. १९४१ सालापासून व्हिएन्नाच्या ज्यूंना आगगाड्यांत कोंबून पूर्वेकडे नेण्यात येऊ लागले. कामाला नेतो असे सांगत, आणि मरणाला नेत. ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू मारले गेले. साऱ्या युरोपात ६० लाख. हे आकडे वाचून मन बधिर होते. म्हणून मी त्यांतले एकच घर पाहते. हिल्डाबाईंची आई गेली. सावत्र वडील गेले. बहीण गेली. नात्यागोत्यातली आणखी कितीतरी माणसे गेली. त्यांच्या गुरू बोडेनवीझरबाई निसटून ऑस्ट्रेलियात पोहोचल्या, परंतु त्यांच्या यजमानांना पकडून नेले आणि ते छावणीत मारले गेले.

आपल्याकडे माणूस गेले म्हणजे दहा दिवस घर भरलेले असते. शेजारणी पिठलं-भाकरी आणून देतात, दहावे होते, तेरावे होते, वर्षश्राद्ध होते. रडायला जागा असते आणि रडण्याला शेवट असतो. ज्यू लोकांतही गेलेल्या माणसाच्या तिथीला घरात दिवा लावतात. पण ज्यांचे प्रेत नाही, ज्यांची जागा ठाऊक नाही, ज्यांचा दिवस ठाऊक नाही, त्यांचा दिवा कधी लावायचा? आपल्या पूर्वजांनी ह्याचा विचार करून सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. ज्यांची तिथी सापडत नाही त्या सर्वांचे त्या दिवशी स्मरण करावे. भाचीने जेव्हा मला ही हकीकत सांगितली तेव्हा पहिला विचार माझ्या मनात तोच आला. एका बाईच्या एवढ्या सगळ्या माणसांना एकच अमावास्या.

ज्या जगल्या त्यांच्या मनात एक काटा राहतो. मीच का वाचले? आई का नाही? बहीण का नाही? आपल्याकडेही किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या माणसांशी जे बोलले असतील त्यांना हा प्रश्न ठाऊक आहे. त्याला उत्तर नसते. उत्तर नसताना उठून कामाला लागणे, ह्यालाच मी धीर म्हणते. हिल्डाबाई कामाला लागल्या. १९४६ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव त्यांनी प्रिमावेरा ठेवले. इटालियन भाषेत त्याचा अर्थ वसंत ऋतू. ज्या बाईचे सारे माहेर जळून गेले तिने लेकीचे नाव वसंत ठेवले, ह्यात सगळे आले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, आणि फाळणीबरोबर दंगे आले. माणसे धर्म विचारून मारली जाऊ लागली. आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाची राजवट होती. आमच्या आजेसासूबाई सांगत असत की रझाकारांच्या दिवसांत हद्दीजवळच्या गावांतली माणसे रातोरात नगर जिल्ह्यात पळून जात. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, ज्यांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते अशा गरीब मुसलमान घरांनाही सोसावे लागले. ज्याने एकदा जमावाचा आवाज ऐकला आहे, त्याला तो पुन्हा ऐकवत नाही. त्याच १९४८ साली हिल्डाबाई पती आणि मुलीसह इंग्लंडला गेल्या. दहा वर्षांत दुसऱ्यांदा बिऱ्हाड मोडले.

लंडनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९४९ साली त्यांना मुलगा झाला, डेरियस. तो डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. आपल्या शरीरातल्या पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. ह्या मुलांत एक जास्त, म्हणजे ४७ असतात. त्यामुळे त्यांची वाढ सावकाश होते, शिकणे सावकाश होते, पुष्कळांचे हृदयही अशक्त असते. ह्यात आईचा दोष नाही, वडिलांचा नाही, ग्रहणाचा नाही आणि कोणाच्या दृष्टीचाही नाही. पण हे कारण शास्त्रज्ञांना १९५९ साली सापडले. डेरियस जन्मला तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळी तिकडचे डॉक्टर आयांना सर्रास सांगत की असे मूल संस्थेत ठेवून द्या आणि विसरून जा.

इथे भाचीने मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हिटलरच्या राज्यात फक्त ज्यूच मारले गेले असे नाही. मतिमंद, अपंग, फेफरे येणारी मुलेही मारली गेली. अशी मुले म्हणजे देशाला भार, असे त्यांचे म्हणणे. व्हिएन्नातल्याच एका इस्पितळाच्या आवारात १९४० ते १९४५ ह्या काळात सातशेंहून अधिक मुलांचा असा अंत झाला. ते डॉक्टर होते, त्या नर्सेस होत्या, आणि आईबापांना मूल आजाराने गेले असे कळविले जाई. म्हणजे पाहा, हिल्डाबाई व्हिएन्नात राहिल्या असत्या तर त्या ज्यू म्हणून मारल्या गेल्या असत्या. आणि ज्यू नसत्या तरी त्यांच्या डेरियसला त्या लोकांनी जगू दिले नसते.

जे मूल जगण्याच्या लायकीचे नाही असे त्या लोकांनी ठरविले होते, त्याच्यासमोर ही आई उभी राहिली. तिच्याजवळ काय होते? व्हिएन्नाचे घर नव्हते, आईचे दागिने नव्हते, मुंबईची शाळाही नव्हती. एकच गोष्ट तिच्याजवळ होती. दहा मार्कांचा हिशेब घेणाऱ्या शिपायाला तिची झडती घेता आली नव्हती, कारण ती तिच्या अंगात होती. ती म्हणजे नाच.

त्यांनी मुलाला संगीताच्या तालावर हात-पाय हलवायला शिकविले. जे शब्दांनी समजत नाही ते तालाने समजते, जे सांगून येत नाही ते बरोबर उभे राहून करून दाखविले की येते, हे त्यांना उमगले. मग तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अशा आणखी मुलांना घेऊन त्या वर्ग चालवू लागल्या. हे काम तिकडे त्या वेळी नवीन होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सॅडलर्स वेल्स ह्या प्रख्यात नाट्यगृहात त्यांनी एक नृत्य सादर केले. नाव होते प्रकाशाकडे. त्यात ही बौद्धिक दिव्यांग तरुण मंडळी रंगमंचावर होती, आणि त्यांच्या बरोबरीने शिकलेसवरलेले नर्तक होते. कोणाला मागे बसविले नव्हते. ज्यांना पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे, ती मुले त्या दिवशी दिव्यांच्या झोतात उभी होती.

लंडनच्या कॅम्डन भागात घराच्या तळघरात त्यांचा वर्ग चाले. तिथे पन्नास वर्षे त्यांनी शिकविले. त्यांच्या हाताखालून पुढे नामांकित झालेले नर्तक गेले. लिंडसे केम्प हे त्यांतले एक. त्यांचे दुसरे विद्यार्थी वोल्फगांग स्टांगे हे जन्माने जर्मन. त्यांनी १९८० साली अमिची नावाची नृत्यमंडळी स्थापन केली. अमिची म्हणजे मित्र. त्यात दिव्यांग आणि अव्यंग असे सगळे एकत्र नाचतात. ह्या मंडळींनी पुढे हिल्डाबाईंच्या आयुष्यावरच एक कार्यक्रम बसविला आणि तो व्हिएन्नातही केला. ज्या शहराने ज्यू म्हणून बाईंना रंगमंचावरून उतरविले, त्याच शहरात ज्यांना हिटलरने मारले असते ती मुले त्यांची कहाणी नाचली. आणि ते शिकविणारा गुरू एक जर्मन. हिल्डाबाईंनी त्या मुलाच्या देशाचा राग त्याच्यावर काढला नाही, आपली विद्या त्याला दिली.

२२ सप्टेंबर २००१ रोजी लंडन येथे हिल्डाबाई निवर्तल्या. शहाण्णव पुरी व्हायला महिना बाकी होता. अगदी अखेरपर्यंत त्या शिकवीत होत्या.

भगिनींनो, हे चरित्र मी का निवडले ते आता सांगते. आमचा धाकटा पंधरा वर्षांचा आहे. त्यालाही डाऊन सिंड्रोम आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी त्याला ओळखतात. तो सगळ्यांना वाकून नमस्कार करतो. त्याला अजून दोनाच्या पुढे बेरीज येत नाही, पण कुठे हलगी वाजली की त्याचा पाय चुकत नाही. एका शाळेने त्याला घेतले नाही. एका लग्नात फोटोच्या वेळी त्याला बाजूला उभे करण्यास मला सांगण्यात आले. मी कोणाचे नाव घेत नाही, आणि मला रागही धरायचा नाही. आमच्या घरी कोणी त्याला मारायला येत नाही, आमचे घर कोणी जाळले नाही. हिल्डाबाईंच्या दुःखाशी माझ्या दुःखाची तुलना होऊ शकत नाही. पण मूल नकोसे वाटणे ही त्याच वाटेची पहिली पायरी आहे, असे ही हकीकत ऐकल्यापासून मला वाटू लागले आहे. ज्यांनी व्हिएन्नात रस्ता घासणाऱ्या म्हातारीला पाहून हसण्यापासून सुरुवात केली, ते कुठे पोहोचले हे आपण वर पाहिले.

माझ्या माहितीत आपल्या आसपासच्या गल्ल्यांत अशी आणखी चार मुले आहेत. त्यांपैकी दोन मुली आहेत, आणि त्या घराबाहेर क्वचितच दिसतात. त्यांच्या आयांना मी दोष देत नाही. लोकांच्या नजरेला तोंड देऊन आई थकते, आणि मग दार लावून घेते.

आपल्याकडे नाच शिकण्यासाठी व्हिएन्नाला जावे लागत नाही. पंचमीचा फेर आहे, फुगडी आहे, झिम्मा आहे, पिंगा आहे. आपल्या आज्यांनी हे सगळे अंगात साठवून आपल्यापर्यंत आणले. त्यासाठी त्यांना ना पैसा लागला, ना शाळा. श्रावणाच्या आधी आपण मंडळात मंगळागौरीच्या खेळांचा सराव करतो. माझी कमिटीस नम्र विनंती आहे की आठवड्यातून एक दुपार ह्या मुलांसाठी ठेवावी. वेगळा वर्ग नको. आपल्याच मुलाबाळांबरोबर, आपल्याच फेरात त्यांना उभे करावे. एका हाताला आपण, दुसऱ्या हाताला आपली मुलगी, आणि मध्ये ते मूल. पाऊल चुकले तर चुकू द्यावे. सतरंजी, हलगी आणि चहाची व्यवस्था मी करीन. माझी भाची महिन्यातून एकदा येऊन कसे शिकवायचे ते दाखविण्यास तयार आहे.

ज्या घरांतून ही मुले आहेत तिथे मी स्वतः बोलवायला जाईन. पण एकटी गेले तर दार उघडेलच असे नाही. आपल्यापैकी दोघी-तिघी बरोबर आल्या तर फरक पडेल. ज्यांची तयारी असेल त्यांनी पुढच्या बैठकीत मला सांगावे. इथे लेखणी आवरती घेते.